खडकाला कान लावणारी माणसं

दिवाळी सरली की मराठी घरांमधून राजस्थानच्या सहली निघतात. जयपूर, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर असा ठरलेला फेरा असतो आणि त्यात जोधपूरच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो. सकाळी मेहरानगड, दुपारी घंटाघराजवळचा सरदार मार्केट, तिथली मावा कचोरी, संध्याकाळी उमेद भवन. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जैसलमेरच्या रस्त्याला लागलेली असते. मेहरानगडाच्या तटावर उभं राहून सगळे निळ्या घरांचे फोटो काढतात. त्याच तटाच्या दुसऱ्या अंगाला, जसवंत थड्याच्या बाजूला नजर टाकली तर तांबूस-करड्या खडकांचा ओबडधोबड उतार दिसतो. त्यावर विरळ झुडपं, जुन्या नगरतटाची एक लांबलचक रेघ आणि खाली पाण्याचा एक तुकडा. बघणाऱ्याला वाटतं, ही पडीक जागा आहे.

ही एक बाग आहे. राव जोधा डेझर्ट रॉक पार्क हे तिचं नाव. आणि मेहरानगडाच्या खालोखाल जोधपुरात काही पाहण्यासारखं असेल, तर माझ्या मते ते हेच.

बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ येते, कारंजं येतं, कडेनं लावलेली शोभेची झाडं येतात. इथे त्यातलं काहीही नाही. जोधपुरात वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. अशा ठिकाणी सुमारे ७० हेक्टर उघड्या खडकावर, माती बाहेरून आणून न ओतता, त्या खडकावर पूर्वी जे उगवत असावं ते परत उगवायला लावणं, हे या बागेचं काम आहे. २००६ साली ते सुरू झालं. २०११ च्या फेब्रुवारीत बाग लोकांसाठी उघडली. आज शहरातला माणूस सकाळी फिरायला येतो, शाळेची मुलं येतात, आणि गडावरून वाट वाकडी करून थोडे प्रवासीही येतात.

२००६ च्या आधी इथे काय होतं? काट्यांचं रान. एकाच झाडाचं, इथून तिथवर. जोधपूरकर त्याला बावळिया म्हणतात. आपल्याकडे सोलापूर, धाराशिव, बीडकडच्या माणसाला हे झाड वेगळं सांगायला नको, कारण त्याच्या बांधावर, ओढ्यात, गावठाणात ते आहेच. आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो. शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. मूळ गाव मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तरेकडचा भाग. एकोणिसाव्या शतकात ते हिंदुस्थानात आणलं गेलं. वाळवंटात झपाट्यानं वाढणारं, जळणाला लाकूड देणारं, गुरांना शेंगा देणारं झाड म्हणून त्याच्याकडे मोठ्या आशेनं पाहिलं गेलं. जोधपुरात सांगतात, की १९३० च्या दशकात महाराजा उमेदसिंहांनी विमानातून या झाडाच्या बिया राज्यभर विखुरल्या. उमेदसिंहांना विमानांचा मोठा नाद होता आणि प्रजेच्या चुलीची काळजीही होती. हेतू चांगलाच होता. पण बियांनी पुढे कुणाचं ऐकलं नाही.

बावळियाच्या शेंगा गोड असतात. शेळ्या, गाई त्या आवडीनं खातात आणि लेंड्यांतून, शेणातून बी पुढे नेतात. पोटातून गेलेलं बी अधिक चांगलं रुजतं. मुळं खोल, फार खोल जातात आणि दुसऱ्या झाडांना न मिळणारं पाणी ओढून घेतात. खाली पडलेल्या पानांतून अशी द्रव्यं जमिनीत उतरतात, की शेजारी दुसरं काही उगवणं अवघड होतं. वर्षानुवर्षं असं चालल्यावर मेहरानगडाच्या पायथ्याशी इथल्या मूळच्या वनस्पतींना जागाच उरली नाही. किल्ल्याचा सांभाळ करणाऱ्या मेहरानगड म्युझियम ट्रस्टनं हे काम प्रदीप क्रिशन यांच्याकडे सोपवलं.

क्रिशन हे मूळचे चित्रपट दिग्दर्शक. 'मॅसी साहिब' त्यांचाच. पुढे ते झाडांकडे वळले, स्वतःच्या स्वतः शिकत गेले, आणि दिल्लीच्या झाडांवरचं त्यांचं पुस्तक २००६ मध्येच आलं. त्यांना जोधपुरात मिळालेली जागा म्हणजे कातळ, आणि कातळाच्या भेगाभेगांत घट्ट बसलेला बावळिया.

हे झाड कापून मरत नाही. कापलं की त्याच जागी दुप्पट फुटतं. जमिनीखाली, मूळ आणि खोड जिथे मिळतात तिथे त्याच्या फुटव्यांची जागा असते. ती सगळी जागा, म्हणजे वरचं दीडेक फूट मूळ, बाहेर काढल्याशिवाय झाड मरत नाही. मातीत हे काम कुदळीनं होईल. इथे मूळ खडकाच्या आत आहे. साडेपाचशे वर्षांच्या किल्ल्याच्या पायथ्याशी सुरुंग लावणं शहाणपणाचं नाही, आणि ज्या उतारावरून पावसाचं पाणी तळ्यात जातं तिथे विष टाकणंही नाही.

उत्तर शहरातच होतं. जोधपूरच्या आसपास वालुकाश्माच्या खाणी आहेत आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या हातानं दगड काढणारी खंडवालिया नावाची मंडळी आहेत. हातोडा आणि छिन्नी एवढीच त्यांची हत्यारं. त्यांचं कसब मात्र कानात आहे. खडकावर हातोड्याचा हलका ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा. खाली दगड सलग आहे की थर सुटलेला आहे, चीर कुठल्या बाजूला जाते, छिन्नी कुठल्या कोनात धरली तर तुकडा निघेल, हे त्यांना त्या आवाजावरून कळतं.

मी बाग बघायला गेले तेव्हा आमच्या वाटाड्यानं हे करून दाखवलं. तो स्वतः खंडवालिया नव्हता, पण त्यांच्याबरोबर काम करून शिकलेला होता. त्यानं एक मूठभर गोटा उचलला आणि वाटेकडेच्या खडकावर दोन-तीन ठिकाणी आपटला. पहिल्या जागी आवाज टणक आणि उंच आला. हातभर अंतरावर तोच गोटा आपटला तर आवाज बसका, बद्द. आमची आजी बाजारात मडकं घेताना टिचकी मारून कान द्यायची, तशी त्याची मान तिरकी झाली होती. मग त्यानं आम्हाला डोळे मिटायला लावले आणि पुन्हा तीन ठिकाणी ठोके दिले. तिसरा ठोका पोकळ जागेवर आहे हे आमच्यातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीनं सगळ्यांच्या आधी सांगितलं. 'बस, इथूनच ते फोडतात,' तो म्हणाला.

खंडवालियांनी एकेका बावळियाभोवती असा खडक फोडला, मूळ वेगळं केलं आणि उपटून काढलं. प्रत्येक झाडामागे खडकात एक खड्डा उरला. आणि त्याच खड्ड्यांत इथली मूळची रोपं लावली गेली. बावळियानं खडकातली नेमकी अशी जागा शोधलेली होती, जिथून मूळ खाली जाऊ शकतं, जिथे ओल टिकते. कुठे लावायचं हा प्रश्न शत्रूनंच सोडवून ठेवला होता. मला या सगळ्या कामातली ही गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. कितीही शिकलेला उद्यानरचनाकार कागदावर असा आराखडा काढू शकला नसता.

पण खड्ड्यांत लावायचं काय? रोपवाटिकेत गुलमोहर मिळतो, बोगनवेल मिळते, कडुलिंब मिळतो. कोरड्या कातळावर जगणारी मारवाडी झुडपं कुठल्याच रोपवाटिकेत विकायला नसतात, कारण ती कुणी मागत नाही. त्यासाठी क्रिशन आणि त्यांचे सहकारी थरच्या वाळवंटातल्या खडकाळ भागात हिंडले. वाळूतलं वेगळं, खडकावरचं वेगळं, हे त्यांनी बघून घेतलं. बी गोळा केलं आणि स्वतःची रोपवाटिका उभी केली. कुठलं बी किती दिवसांनी उगवतं, कशानं उगवतं, हे पुस्तकात फारसं नव्हतं. ते हळूहळू हातानंच शिकावं लागलं.

आता बागेत जाऊ.

शहराच्या जुन्या तटातली एक वेस दुरुस्त करून तिथे माहितीकेंद्र केलेलं आहे. आत खडकांचे नमुने आहेत, वनस्पतींची चित्रं आहेत. तिथे रेंगाळायला हरकत नाही, पण खरी मजा बाहेर पायवाटांवर. वेगवेगळ्या रंगांच्या खुणा केलेल्या वाटा आहेत, लांबी-रुंदी आणि चढउतार वेगवेगळे. त्यांतली एक हाथी नहर नावाच्या जुन्या कालव्याच्या पोटातून जाते. डोंगरावरचं पावसाचं पाणी किल्ल्याच्या तळ्यांकडे नेण्यासाठी हा कालवा कधीकाळी खडकात खोदला. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, मध्ये माणूस आणि वर आकाशाची पट्टी. उन्हाच्या वेळीही इथे गारवा असतो. भिंतीला हात लावला तर तळव्याला खरखर लागते, आणि रंग बघावा तर जांभळट तपकिरी, मध्येच गुलाबी, मध्येच राखाडी.

हा खडक ज्वालामुखीचा आहे. सह्याद्रीचा काळा बसाल्ट बघत वाढलेल्या माणसाला ते पटत नाही, पण आहे. सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखींचे उद्रेक झाले. तापलेली राख इतकी गरम होती, की खाली पडल्यावर कण एकमेकांना चिकटून घट्ट दगड झाला. भूवैज्ञानिक याला मालाणी रायोलाइट म्हणतात, आणि जोधपूरच्या या राखेच्या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. आपला दख्खनचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे पायाखालचा हा दगड त्याच्या दहापटींहून जुना. किल्ला ज्या वालुकाश्मानं बांधला तो याच्या नंतरचा, याच्या वर साचलेला.

अशा दगडावर जे जगतं त्यात पहिला मान थोराचा. आपल्याकडच्या थोर-निवडुंगाचा हा भाऊबंद. जाड, काटेरी, पेरापेरांनी वाढणारे हिरवे दांडे, आणि मोडला तर दुधासारखा चीक. पावसाळ्यात त्याला पानं येतात आणि थोड्याच दिवसांत गळूनही जातात. मग हिरव्या दांड्यांवरच त्याचं चालतं. उन्हाळा यायच्या सुमारास त्याला बारीक लालसर फुलं येतात आणि शिंजीर त्यांच्याभोवती घिरट्या घालतात. पण थोराचं खरं काम दुसरंच आहे. वाटाड्यानं आम्हाला एका मोठ्या थोरापाशी खाली बसवलं आणि दांड्यांमधून आत बघायला सांगितलं. आत काट्यांच्या मधोमध एक कोवळं झाड उभं होतं, गुडघाभर उंचीचं. शेळीचं तोंड तिथवर जात नाही, दुपारचं ऊन थेट पडत नाही, वाऱ्यानं आलेली मूठभर माती आणि काडीकचरा थोराच्या बुडाशी साठतो. एका थोरात असं घर करून किती जीव राहतात ते बघायला दहा मिनिटं बसावं लागतं. मुंग्या दिसतात, सरडा दिसतो, कोळ्याचं जाळं दिसतं. थोर टिकला तर बाकीच्यांना जागा होते. म्हणून या बागेत थोर लावण्यावर इतका भर.

पुढे केर येतो. आपण त्याला नेपती म्हणतो, करीरही म्हणतो. पानं जवळपास नाहीतच, सगळी फांद्यांची हिरवी गुंतवळ. वसंतात त्याला विटकरी लाल फुलं येतात. त्याची कच्ची फळं म्हणजे केर-सांगरी या मारवाडी भाजीतला केर. त्यातली सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे आपली शमी, पांडवांनी जिच्यावर शस्त्रं ठेवली ती. ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. कुमट नावाचं एक काटेरी झाड भेटतं, बाभळीच्या नात्यातलं. त्याच्या बिया केर-सांगरीबरोबर पंचकुटा नावाच्या भाजीत पडतात आणि खोडातून खाण्याचा डिंक निघतो. जोधपूरच्या हॉटेलात पंचकुटा चाखलेल्या माणसाला इथे त्याच्या ताटातल्या भाजीची झाडं एका फेरीत उभी दिसतात. जेवण आणि फिरणं एकाच दिवशी करावं, असं मी आता सगळ्यांना सांगते.

गुगुळाचं झाड मी आधी कधी पाहिलं नव्हतं. देवघरात, वैद्याच्या पुडीत त्याचा चीक आयुष्यभर पाहिला, झाड मात्र ओळखत नव्हते. खुजं, वाकडंतिकडं, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेलं. एक पापुद्रा आपला आपण लोंबत होता. त्याच्या आड साल हिरवट आणि तुकतुकीत होती. बोट टेकवलं तर गार लागली. चिकासाठी खोडाला घाव घालून घालून हे झाड देशभर इतकं कमी झालं आहे, की ते आता नामशेष होण्याच्या मार्गावरच्या वनस्पतींच्या यादीत आहे. इथे त्याच्यावर कुणी कोयता चालवत नाही.

बुई नावाचं पांढरट लोकरी तुऱ्यांचं झुडूप वाटेच्या कडेला खूप आहे. त्याची लोकर उशांत भरतात. खींप आहे, खराट्यासारखा उभा, बिनपानांचा. गावाकडे झोपड्या शाकारायला तो वापरतात. रोहिडा आहे, रक्तरोहिडा ही त्याची आपल्याकडची ओळख. थंडी ओसरताना त्याला पिवळी, नारिंगी, लाल फुलं येतात आणि राजस्थाननं त्याला राज्यपुष्प केलं आहे. ही सगळी झाडं बुटकी आहेत, राखाडी आहेत, काटेरी आहेत. पहिल्या पाच मिनिटांत ती सगळी सारखीच दिसतात. तासाभरानं ती वेगवेगळी दिसू लागतात, आणि दोन तासांनी आपण वाटाड्याच्या आधी नाव सांगायला बघतो. या बागेचा आनंद तिथे सुरू होतो.

पावसाळ्यात हीच जागा ओळखू येत नाही. दोन-तीन चांगल्या सरी झाल्या, की खडकांच्या खोबणींत जेवढी चिमूटभर माती आहे तेवढ्यात गवतं आणि वर्षभराचं आयुष्य काही आठवड्यांत उरकणारी झाडं उगवतात. उतार हिरवा होतो. बोटाएवढ्या रोपांना फुलं येतात, बी धरतं, आणि ऑक्टोबर उतरेस्तोवर सगळं वाळून पिवळं पडतं. कासचं पठार पाहिलेल्याला हे नवल वाटणार नाही. कोकणातला कातळसडा पाहिलेल्यालाही नाही. उघड्या कातळावर, इंच-दोन इंच मातीत, काही आठवडे चालणारी ही धांदल आपल्याकडेही होते आणि आपण तिच्यासाठी गाड्या काढून जातो. फरक एवढाच, की जोधपुरात ती परत येण्यासाठी जागा मोकळी करावी लागली.

अशा बागेत हिवाळ्याच्या दुपारी गेलेला एखादा प्रवासी नाराज होतो, हे मी पाहिलं आहे. तिकीट काढून आत आल्यावर 'यात बघायचं काय?' असं तो बायकोला विचारत असतो. त्याला दोष देता येत नाही. आपल्याला बाग वाचायला कुणी शिकवलेलं नाही. फूल असेल तर बाग, नसेल तर उजाड, एवढंच आपलं शिक्षण. म्हणून इथे वाटाड्या घेणं फार महत्त्वाचं आहे. हे वाटाडे बागेतच तयार झालेले आहेत. त्यांना झाडाचं मारवाडी नाव ठाऊक असतं, शास्त्रीय नावही, आणि घरात त्याचं काय करतात तेही. आमच्याबरोबरची ती मुलगी शेवटी शेवटी त्याचा हात धरून पुढे चालली होती. आईबाप मागे.

या कामाला दुसरी बाजू आहे आणि ती दडवू नये. बावळियाच्या लाकडावर गरिबाची चूल पेटते. त्याच्या कोळशावर कित्येकांचं पोट आहे, मारवाडातही आणि आपल्या सोलापुरातही. सरसकट सगळीकडून तो उपटा, असं म्हणणाऱ्यानं आधी त्या घरांच्या जळणाची सोय सांगितली पाहिजे. राव जोधा बागेचं क्षेत्र ७० हेक्टर आहे आणि त्याला एका ट्रस्टचं पाठबळ आहे. असं पाठबळ सगळ्यांना नसतं. शिवाय काम कधी संपत नाही. भोवती शहर आहे, शेळ्या आहेत, वारा आहे. बावळियाचं बी दरवर्षी आत येतं आणि दरवर्षी रोप लहान असतानाच उपटावं लागतं. एक वर्ष दुर्लक्ष झालं तर पुन्हा छिन्नी हातोडा काढावा लागेल. हे ज्यांना कायम करत राहायचं आहे त्यांनीच अशा कामात पडावं.

आणि तरीही मला वाटतं, महाराष्ट्रातल्या प्रत्येक टेकडीप्रेमी मंडळानं ही बाग बघून यावी.

पुण्याचीच गोष्ट घ्या. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची, म्हणजे उंदीरमारीची, दाट लागवड आहे. मध्य अमेरिकेतलं हे झाड. झटपट वाढतं, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि पाला हिरवळीच्या खताला चांगला, म्हणून ते लावलं गेलं. फेब्रुवारीत ते गुलाबी फुललं की लोक आनंदानं फोटो काढतात. पण त्याच्या खाली वाकून बघा. टेकडीवरचं मूळचं गवत तिथे विरळ झालेलं असतं. त्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी होते, पावसाळ्यातली कंदवर्गीय फुलं होती. आपल्या टेकड्या मुळात गवताळ, झुडपी, मधूनमधून सालई, मोई, गणेर, मेडशिंगी, काटेसावर अशा झाडांच्या. सलग दाट जंगलाच्या त्या कधीच नव्हत्या. उन्हाळ्यात त्या पिवळ्या पडतात आणि ते त्यांचं नेहमीचं रूप आहे. आपण मात्र ते पिवळेपण आजार समजतो आणि वाढेल ते झाड लावत सुटतो.

कोकणातल्या सड्यांचंही हेच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कातळसडे सरकारी दप्तरात आणि बऱ्याच लोकांच्या मनातही पडीक. त्यांच्यावर कातळशिल्पं आहेत, पावसाळ्यात फुलणाऱ्या आणि तिथेच सापडणाऱ्या वनस्पती आहेत, डबक्यांतलं आयुष्य आहे. कातळ फोडून, माती आणून भरून कलमं लावली की माणसाला वाटतं, जागा कारणी लागली. जोधपुरात मी जे पाहिलं त्यावरून मला ठामपणे म्हणावंसं वाटतं, की उघडा खडक रिकामा नसतो. त्याच्यावर काय जगतं ते न बघता जे काही आपण त्याच्यावर करू ते त्याचं नुकसानच असेल.

आपल्याकडे झाडं लावणारी माणसं खूप आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. रविवारी पहाटे पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन टेकडी चढणारे निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, कॉलेजची पोरं. एप्रिलच्या उन्हात एक रोप जगवायला काय लागतं ते त्यांनाच माहीत. त्यांच्या कष्टांना योग्य झाड मिळावं, एवढीच इच्छा आहे. ते झाड बाजारातल्या रोपवाटिकेत मिळणार नाही. त्यासाठी जवळच्या जंगलातून, देवराईतून, परवानगी घेऊन बी गोळा करावं लागेल आणि मंडळानंच चार वाफे करावे लागतील. जोधपुरात हेच झालं. गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला, वैदूला, कातकरी-ठाकर बायाबापड्यांना विचारावं लागेल, की इथे आधी काय होतं. खंडवालियांचा कान जोधपूरच्या कामाला आला, तसं कुणाचं तरी कसब आपल्या टेकडीलाही लागणार आहे. ती माणसं अजून आहेत. त्यांना आपण बागेच्या कामात घेत नाही, खड्डे खणायला घेतो.

इथे मूळचं काय होतं हे ठाऊक असण्यावरून आठवते ती खेजडलीची गोष्ट. जोधपूरजवळचं हे गाव. १७३० साली महाराजा अभयसिंहाच्या माणसांनी तिथली खेजडी तोडायला घेतली, तेव्हा अमृतादेवी बिश्नोई आणि तिच्यामागोमाग आणखी लोक झाडांना मिठी मारून उभे राहिले. ३६३ जण मारले गेले. मारवाडच्या माणसाला आपली झाडं कोणती हे जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी चांगलं ठाऊक होतं. त्याच मुलखात खेजडीचाच परदेशी चुलतभाऊ बावळिया येऊन सगळीकडे पसरला. आणि आता त्याच मुलखात खडक फोडून तो काढला जातो आहे. राव जोधा बागेत फिरताना मी खेजडीच्या एका झाडाखाली बराच वेळ थांबले. पानं बारीक, सावली जेमतेम. खेजडी पिकाचं ऊन अडवत नाही, म्हणून शेतकरी ती शेतात राखतो. तिच्या सावलीत बाजरी उगवते, बावळियाच्या सावलीत उगवत नाही.

तर या वर्षी राजस्थानला जाणार असाल, तर जोधपुरात दोन तास जास्तीचे ठेवा. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत जा. पायात चांगले बूट घाला, वाट खडकाची आहे. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. वाटाड्या नक्की घ्या आणि मुलांना त्याच्याबरोबर पुढे चालू द्या. आधी बाग, मग मेहरानगड असा क्रम लावा, म्हणजे तटावर उभं राहिल्यावर खालच्या उतारावरचा थोर कुठला आणि केर कुठला हे तुमचं तुम्हाला ओळखता येईल. सवड असेल त्यांनी एकदा ऑगस्ट-सप्टेंबरात जाऊन हाच उतार हिरवा बघावा.

आणि घरी परतल्यावर, तुमच्या मंडळाच्या पुढच्या वृक्षारोपणाची तारीख ठरवण्याआधी, वही-पेन घेऊन आपल्या टेकडीवर जा. आज तिथे काय काय उगवतं त्याची यादी करा, गवतासकट. एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा ही यादी भरू द्या. रोपं त्यानंतर आणा.